डच भाषा-साहित्याची पदवी : पहिल्या वर्षानंतर

नेदरलँड्समध्ये नोकरीपुरतं डच हवं असेल तर विद्यापीठाच्या वाटेला जाऊ नका. बी-टू (म्हणजे बऱ्यापैकी सफाईदार) पातळीची सरकारी परीक्षा (स्टाट्सएक्सामेन एनटी-टू, प्रोग्राम दोन) बाहेर क्लास लावूनही देता येते, आणि युरोपबाहेरच्यांना पदवीची फी स्थानिकांच्या कैकपट पडते.

मी परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अभ्यासक्रमात आहे. व्याकरण झपाट्याने शिकवतात. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तिथे इंग्रजीवाले अडखळतात, आपण मराठी माणसं सुटतो. पण कुठल्या नामाआधी ‘डे’ आणि कुठल्या नामाआधी ‘हेट’ (इंग्रजी ‘द’सारखी दोन उपपदं), याला घोकंपट्टीशिवाय इलाज नाही. बोलण्याचा सराव फारच कमी. बाहेर करावा म्हटलं तर दुकानदार आपलं पहिलं वाक्य ऐकून लगेच इंग्रजीत शिरतो!

पैसे वसूल झाले ते साहित्यात. तेराव्या शतकातल्या डच काव्यातला रेनार्ट कोल्हा सिंहराजाच्या अख्ख्या दरबाराला गंडवतो. मध्ययुगीन डच वाचताना घाम फुटला, पण लबाडी कळली. मग १८६०ची कादंबरी ‘माक्स हाव्हेलार’. मुल्तातुली या टोपणनावाने ती लिहिणारा एदुआर्त दाउवेस डेकर स्वतः जावात डच सरकारचा अधिकारी होता, आणि तिथल्या शेतकऱ्यांची पिळवणूक त्याने डच वाचकांच्या तोंडावर मारली. त्याच्या जोडीला सुरिनामच्या (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) आंतोन डे कॉमचं १९३४चं पुस्तक लावलं होतं. त्याचे वडील गुलामीत जन्मलेले. साहेबाने लिहिलेला अन्याय आणि ज्याच्या घराने तो सोसला त्याने लिहिलेला अन्याय, हे शेजारी ठेवून वाचायला लावणं ही या वर्षातली सर्वांत चांगली गोष्ट. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार आता मला नुसती पडकी इमारत वाटत नाही. ती वखार चालवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते हस्ताक्षर वाचायला शिकायचंय.

तक्रार एक. नेदरलँड्स आणि फ्लँडर्स (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) यांचा भाषा-संघ १९८०पासून आहे, तरी फ्लेमिश लेखक आमच्याकडे तोंडी लावण्यापुरते.

गुणांचं म्हणाल तर दहापैकी साडेपाचला पास, आठ मिळाले तर घरी फोन करा, दहाची आशा सोडा.

अर्ज करण्याआधी डीबीएनएल या मोफत डिजिटल ग्रंथालयात जुन्या पुस्तकाची दोन पानं उघडा, शब्दकोश घेऊन बसा. तासाभरात वैताग आला तर फी वाचली.