इंदूरच्या बाजारातली हिजरी ध्येय-वही: कोणती पानं भरण्याजोगी, कोणती हातानं दुरुस्त करायची

खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांत 'हिजरी प्लॅनर' (मुस्लिम चांद्र वर्षाची नियोजन-वही) म्हणून जी बांधीव वही मिळते, तिच्याबद्दल हे परीक्षण आहे. आकार ए-फाइव्ह, पुठ्ठा जाड, दोन फिती, मजकूर देवनागरी हिंदीत आणि दुआ अरबीत. किंमत साडेतीनशेच्या आसपास. वही मोहरमपासून सुरू होऊन जिल्हजला संपते. हिजरी वर्ष 1448 ची सुरुवात जून 2026 च्या मध्यावर, तेव्हा नवी वही घेणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

कागदाबद्दल थोडक्यात. 70 जीएसएमचा आहे. बॉलपेन चालतो, जेल पेनाची शाई मागच्या पानावर उमटते. शिवण पक्की आहे, वही टेबलावर पूर्ण उघडी राहते.

सुरुवातीला वर्षाच्या ध्येयांची आठ पानं आहेत. प्रत्येक ध्येयाला पाच रकाने: नियत (हेतू), काम, मिकदार, मुद्दत (कालावधी), मार्ग. ही रचना फार चांगली आहे आणि वहीची खरी किंमत या पानांतच आहे. 'कर्मं हेतूवर अवलंबून असतात' ही हजरत उमर यांच्याकडून आलेली हदीस (पैगंबरांचं वचन) सहीह बुखारी या संग्रहात सर्वांत पहिली आहे, म्हणून नियतचा रकाना सगळ्यांत आधी असणं योग्यच. पण छापणाऱ्यानं त्या रकान्यात 'अल्लाह की रजा के लिए' (अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी) हे शब्द आधीच छापून ठेवले आहेत. छापील नियत कुणाचीच नसते. त्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा: 'आईच्या औषधांचा खर्च कुणापुढे हात न पसरता भागावा म्हणून', 'मुलांना कुरआन स्वतः शिकवता यावं म्हणून'. रजा त्याच्या आत आहेच. लिहिताना हात अडखळला, तर ते ध्येय कुणाला तरी दाखवण्यासाठी निवडलंय का, हे तिथंच तपासता येतं.

मिकदार म्हणजे प्रमाण. इथं बहुतेकांची चूक होते. 'नमाज नियमित करणं' हे ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. 'फजर (पहाटेची नमाज) आणि इशा (रात्रीची) मशिदीत जमातीनं (सगळ्यांसोबत), आठवड्यातून किमान पाच दिवस' असं लिहिलं तर महिनाअखेरीस मोजता येतं. वहीत दर महिन्याला दहा ध्येयांची जागा आहे. तीन भरा, सात रिकामी सोडा. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडं असलं तरी कायम चालू राहतं, ही हजरत आयशांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रमजानच्या पानांवर ती मोठ्या अक्षरांत छापलीय, आणि त्याच पानांवर रोजची एकवीस कामं नेमून दिलीत. रमजानला छत्तीस पानं आहेत, शव्वालला चार. जो माणूस रमजानमध्ये रोज एक पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) वाचतो आणि ईदनंतर कुरआन उघडत नाही, त्याला मदत शव्वालमध्ये लागते. रमजानची मागची दहा पानं शव्वालसाठी वापरावीत: सहा रोज्यांच्या सहा चौकटी, आणि वाचनाचं प्रमाण एक पाऱ्यावरून पाव पाऱ्यावर आणलेलं वेळापत्रक. एकदम शून्यावर येऊ नये, एवढ्यासाठी.

'मार्ग' हा शेवटचा रकाना इतर प्लॅनरांत क्वचितच असतो. तिथं ध्येय गाठण्याचं साधन हलाल आहे का, ते लिहायचं. सियागंजमधल्या एखाद्या किराणा दुकानदाराचं उदाहरण घ्या. त्याला डीप फ्रीजर हवाय. नियत चांगली, काम चांगलं, पण व्याजाच्या कर्जानं घ्यायचा ठरला तर मार्गाच्या रकान्यात अडतो. तिथं पर्याय लिहावा लागतो: विक्रेत्याशी एकच ठरलेली किंमत आणि ठरलेले हप्ते, उशीर झाला तरी रक्कम वाढणार नाही अशी अट. रोखीपेक्षा किंमत जास्त असली तरी सौद्याच्या वेळीच ती पक्की झाली, तर बहुसंख्य उलेमा (धर्मपंडित) अशी विक्री जायज मानतात. हे न जमल्यास मुद्दत वाढवून बचत करायची. त्या रकान्यामुळे मुद्दतीचा आकडा बदलतो, आणि ध्येय-वहीनं हेच करायला हवं.

इस्तिखाऱ्याचं (निर्णयाआधी अल्लाहकडे मार्गदर्शन मागण्याचं) पान मात्र सुधारून घ्यावं लागेल. त्यावर लिहिलंय की दोन रकात (नमाजची आवर्तनं) पढून झोपा आणि स्वप्नाची वाट पाहा. हजरत जाबिर यांच्या हदीसमध्ये दोन नफल (ऐच्छिक) रकात आणि दुआ आहे, स्वप्नाचा उल्लेखही नाही. क्रम असा ठेवा: माहिती गोळा करा, जाणत्यांशी मशवरा (सल्लामसलत) करा, मग इस्तिखारा, मग मन ज्या बाजूला स्थिर होईल आणि वाट जिथं सोपी होत जाईल तिकडे पाऊल टाका. सूरह आले-इमरानमध्येही (3:159) आधी मशवरा, मग पक्का इरादा, मग तवक्कुल (अल्लाहवर भरवसा), असाच क्रम आहे. दुआ देवनागरीत छापताना नुक्ते (अक्षराखालचे ठिपके) गाळले आहेत, हा दोष गंभीर आहे. क़ल्ब म्हणजे हृदय, नुक्ता गेला की कल्ब, म्हणजे कुत्रा. अरबी वाचता येत नसेल तर मशिदीतल्या हाफिजसाहेबांकडून दुआ ऐकून पाठ करा, छापील देवनागरीवर विसंबू नका.

आता नमाजचं कोष्टक. रोज पाच चौकटी, महिन्याच्या तीस ओळी. पुरुषासाठी ठीक आहे, बाईसाठी चुकीचं आहे. हैजच्या (मासिक पाळीच्या) दिवसांत नमाज माफ आहे, तिची कजाही (नंतरची भरपाई) नाही, मात्र रमजानच्या सुटलेल्या रोज्यांची कजा आहे. कोष्टकात या दिवसांसाठी खूणच नाही, त्यामुळे पाच-सात ओळी कोऱ्या राहतात आणि महिनाअखेरचं 'टक्के' विचारणारं पान बाईला नापास करतं. जे शरियतनं माफ केलं ते वहीनं वसूल करू नये. उपाय: त्या ओळींवर एक तिरकी रेघ मारा, एकूण दिवसांतून ते दिवस वजा करा, आणि त्या दिवसांसाठी जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) आणि इतर दुआंचा वेगळा रकाना आखा. सुटलेल्या रोज्यांचा आकडा मागच्या मलपृष्ठाच्या आत लिहा, पुढच्या रमजानआधी तो शून्यावर यायला हवा.

कजा-ए-उमरीला (आयुष्यात सुटलेल्या नमाजांच्या भरपाईला) वहीत अर्धं पान दिलंय, ते अपुरं आहे. समजा तीन वर्षांच्या नमाजा बाकी आहेत. हिजरी वर्ष 354 दिवसांचं धरलं तर 1062 दिवस होतात. हनफी मसलकात (धर्मशास्त्राच्या शाखेत) वित्र ही इशानंतरची नमाजही वाजिब (आवश्यक) असल्यानं रोजच्या सहा नमाजा, म्हणजे 6372. आकडा पाहून माणूस वही मिटतो. पण प्रत्येक वक्ताच्या (नमाजच्या वेळेच्या) फर्जबरोबर (अनिवार्य नमाजबरोबर) त्याच वक्ताची एक कजा, आणि इशासोबत वित्रचीही एक, पढली, तर 1062 दिवसांत, तीन वर्षांत, हिशेब पूर्ण होतो. एका दिवसाच्या कजाच्या रकाती 20 होतात. नियत करताना तारीख आठवण्याची गरज नाही. 'माझ्यावर बाकी असलेल्या फजरांपैकी पहिली' एवढं पुरतं. यासाठी शंभर चौकटींचं पान स्वतः आखून वहीत चिकटवा. एक चौकट म्हणजे एक दिवस. अशी अकरा पानं लागतात.

या वहीची सर्वांत मोठी अडचण वेळांची आहे. मागे वर्षभराचं नमाजचं वेळापत्रक छापलंय आणि ते दिल्लीचं आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, दिल्लीत साडेपाचला. सोमवार-गुरुवारचा नफल रोजा त्या छापील वेळेवर सोडला, तर सूर्य क्षितिजावर असतानाच रोजा तुटतो. जूनमध्ये उलट अडचण: फजरची वेळ दिल्लीत इंदूरपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटं आधी सुरू होते, म्हणजे छापील वेळेनुसार पढलेली फजर इथं वेळेआधीच होईल. मुंबईचं वेळापत्रकही कामाचं नाही, तिथली दुपार इंदूरपेक्षा बारा मिनिटं उशिरा होते. हे पान फाडून टाका आणि आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीचं इंदूरचं वेळापत्रक तिथं लावा. आणखी एक गोष्ट: कोष्टकात अस्रची (दुपारनंतरच्या नमाजची) एकच वेळ आहे, हनफी मसलकाची. कोकणातून इथं स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बहुधा शाफई असतात. त्यांची अस्र इंदूरच्या हिशेबानं डिसेंबरात पाऊण तास आणि जूनमध्ये जवळपास सव्वा तास आधी सुरू होते. शाळा-कचेरीतून परतण्याच्या वेळेशी याचा थेट संबंध आहे, म्हणून दिवसाची आखणी करताना आपलं मसलक आधी ठरवा.

हिजरी तारखा छापील आहेत, हाही दोष. महिना 29 चा की 30 चा, ते चाँद दिसल्यावर कळतं, आणि भारतातली तारीख सौदीच्या कॅलेंडरपेक्षा बहुधा एक दिवस मागे असते. छापील 13, 14, 15 पाहून अय्याम-ए-बीजचे (या तीन चांदण्या दिवसांचे) रोजे ठेवले तर ते 12, 13, 14 ला पडू शकतात. दर महिन्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं तारखा लिहा, आणि चाँदचं ऐलान झालं की पक्क्या करा. हेही लक्षात ठेवा की तारीख मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजला) बदलते. गुरुवारची मगरिब झाली की जुम्याची (शुक्रवारची) रात्र लागली. वहीतलं दिवसाचं पान सकाळी सहाला सुरू होतं. त्याऐवजी पानाच्या डाव्या कडेला पाच आडव्या रेघा मारून फजर ते जुहर (दुपारची नमाज), जुहर ते अस्र, अस्र ते मगरिब, मगरिब ते इशा असे भाग पाडा आणि कामं त्यांत टाका. इंदूरला उन्हाळ्यात फजर आणि सूर्योदय यांत दीड तासाचं अंतर असतं. अभ्यास, हिफ्ज (कुरआनचं पाठांतर) किंवा हिशेब, जे सर्वांत जड काम असेल ते फजर पढून उरलेल्या त्या वेळात. घड्याळाचे तास आखले की नमाज मध्ये येणारी अडचण वाटू लागते. वक्त आखले की तीच दिवसाची खुंटी होते.

कुरआनच्या कोष्टकात 604 चौकटी आहेत, मदिना मुसहफाच्या (कुरआनच्या मदिनेत छापलेल्या प्रतीच्या) पानांप्रमाणे. आपल्या घरांत तेरा ओळींचे आणि सोळा ओळींचेही मुसहफ असतात, त्यांची पानं जुळत नाहीत. पाऱ्याच्या कडेला रुबअ (पाव), निस्फ (अर्धा) आणि तिसऱ्या पावाची खूण असते, तीच मोजमाप म्हणून घ्या. तीस पाऱ्यांचे 120 पाव. रोज एक पाव वाचला तर चार महिन्यांत एक खत्म (पूर्ण वाचन), वर्षात जवळपास तीन. कोणताही मुसहफ चालतो.

जकातीचं (दरवर्षीच्या अनिवार्य दानाचं) पान बाजारच्या भाषेत फसतं. निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) 'साडेबावन्न तोळे चांदी' असा छापलाय. सराफ्यात आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात, निसाबातला तोळा 11.664 ग्रॅमचा आहे. म्हणजे चांदी 612.36 ग्रॅम आणि सोनं साडेसात तोळे, 87.48 ग्रॅम. पानावर ग्रॅम लिहून ठेवा आणि भाव जकातीच्या तारखेचाच घ्या. दुकानदारानं विक्रीचा माल त्या दिवशीच्या बाजारभावानं मोजावा, खरेदीच्या भावानं नव्हे. वापरातले दागिने हनफी मसलकात मोजले जातात, शाफईत अंगावर घालण्याच्या बाईच्या दागिन्यांवर जकात नाही. 31 मार्चला हिशेब करण्याची सवय असेल तर लक्षात घ्या, जकातीचं वर्ष 354 दिवसांचं आहे. सौर वर्षानं काढायचीच झाली तर अडीच टक्क्यांऐवजी साधारण 2.577 टक्के लागतात. लाख रुपयांमागे 77 रुपयांचा फरक पडतो, आणि तो गरिबाचा हक्क आहे.

देण्या-घेण्याचं पान उत्तम आहे: रक्कम, तारीख, मुद्दत, दोन साक्षीदार. कुरआनची सर्वांत लांब आयत, 2:282, कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे, आणि या पानाची रचना तिला धरून आहे. वसीयतीचं (मृत्युपत्राचं) पान नाही. शेवटच्या कोऱ्या पानांपैकी एक त्यासाठी ठेवा, त्यात मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून जास्त नको आणि वारसाच्या नावे नको. फेडायची कर्जं वसीयतीच्या आधी लिहा, कारण वाटणीआधी तीच फेडली जातात.

रात्रीच्या मुहासब्याला (आत्मपरीक्षणाला) प्रत्येक पानाखाली तीन ओळी आहेत: शुक्र (आभार), तौबा (पश्चात्ताप), उद्या. पुरेशा आहेत. 'उद्या'समोर इन्शाअल्लाह छापलेलं नाही, ते हातानं लिहा. सूरह कहफच्या 23 आणि 24 व्या आयतींत याचीच ताकीद आहे.

दुकानात वही घेण्याआधी मागची पानं उघडून वेळापत्रक कोणत्या शहराचं आहे ते पाहा, आणि तारखा कोऱ्या असलेली आवृत्ती आहे का ते विचारा. कोऱ्या तारखांची मिळाली तर तारखांची दुरुस्ती वाचते, आणि रज्जब किंवा शाबानमध्ये घेतली तरी आधीचे महिने वाया जात नाहीत. ती नसेल तर साडेतीनशे देऊ नका. दोनशे पानी साधं रजिस्टर, एक पट्टी आणि मशिदीचं वेळापत्रक घ्या. पाच रकान्यांचं ध्येयाचं पान, पावांचं कोष्टक आणि कजाच्या शंभर चौकटी एका संध्याकाळी आखून होतात.