छोटं टंबलर, सहा महिन्यांनंतर

दगड घोळवून गुळगुळीत करणारं, रबरी पिंपाचं हे छोटं यंत्र, म्हणजे टंबलर, ऑनलाइन मागवलं. दीड किलोचं. दांडिया बाजारातल्या घरी आधी आईच्या खोलीजवळ ठेवलं होतं, दुसऱ्याच दिवशी जिन्याखाली हलवलं. रबर असूनही घरघर रात्रंदिवस चालते.

दगड मात्र बडोद्याला जवळचेच. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा अकीक (ॲगेट) खंभातला घडतो. तिथल्या कारागिराकडून किलोभर तुकडे आणले. सुरुवात अकीकानेच करा. कडकपणाच्या मोहस् मापावर तो ६.५ ते ७, सगळे तुकडे सारखे झिजतात. मी पहिल्यांदा त्यात कॅल्साइट मिसळला. तो ३ वर. नुसता चिखल झाला.

झिजवायला सिलिकॉन कार्बाइडची भुकटी, आकडा वाढेल तशी बारीक: आधी जाड ६०/९०, मग २२०, मग ५००, शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. प्रत्येकाला साधारण आठवडा, जाड टप्प्याला कधी दोन. पिंप दोन-तृतीयांश तरी भरलेलं हवं, नाहीतर दगड आपटून टवके उडतात. टप्पा बदलताना दगड, पिंप, झाकण सगळं ब्रशने घासा: जाड भुकटीचा एक कण राहिला तरी ओरखडे पडतात. आणि गाळ मोरीत ओतू नका, पाइपात घट्ट बसतो. मी बादलीत निवळू देतो.

सोबतची पॉलिशची पुडी एका फेरीपुरतीच आहे. पिंप फिरवणारा पट्टा तिसऱ्या महिन्यात तुटला, नवा यायला तीन आठवडे लागले. याचा मला खरंच राग आला.

पण परवा झाकण उघडलं, दगड पुसले, तर कोरड्या अकीकातही लाल-पांढरे पट्टे ओल्यासारखे चमकत होते. त्यातला एक आईने देवघरात ठेवलाय.