क्रिकेटला तीस इंच, खो-खोला बारा

सदाशिव पेठेतल्या ज्या ट्रॉफीच्या दुकानाला मी इथे चार स्टार देतेय, तिथे मी गेली १९ वर्षं जातेय. कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे, त्यामुळे क्रीडा महोत्सव जवळ आला की माझी स्कूटर आपोआप तिकडे वळते. दुकान एवढंसं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. पार्किंगबद्दल पुणेकरांना काय सांगायचं!

यंदा यादी दिली: क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, व्हॉलीबॉल, मुलींचा खो-खो, टेबल टेनिस, बुद्धिबळ. बाकी काही बोलायच्या आत दुकानदार काकांनी सात कप काउंटरवर उतरत्या भाजणीत मांडले. क्रिकेटला ३० इंची, २,८०० रुपये. फुटबॉल आणि कबड्डीला २४ इंची, प्रत्येकी १,७००. व्हॉलीबॉलला १८ इंची, ९५०. खो-खोला १२ इंची, ५५०. टेबल टेनिस आणि बुद्धिबळाला ९ इंची, साडेतीनशेवाले, फ्रीजवर ठेवायच्या लायकीचे.

मी स्वतः विद्यापीठाकडून खो-खो खेळलेय. म्हटलं, "काका, हा क्रम कुणी लावला?"

"मी नाही हो मॅडम. सगळी कॉलेजं असंच नेतात. तुम्हीसुद्धा असंच नेत आलाय. बिलं काढू?"

आणि काढली की! माझ्याच सहीची, ओळीने. दरवर्षी क्रिकेटला सगळ्यात उंच. आमचा क्रिकेटचा संघ झोनलच्या, म्हणजे विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या, दुसऱ्या फेरीपुढे शेवटचा कधी गेला ते मला आठवत नाही. खो-खोच्या मुली त्यापुढची इंटरझोनल खेळून आल्यात, दोघी विद्यापीठ संघात लागल्यात. ज्या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास इथे डेक्कन जिमखान्यावर बसले, ज्याचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या पुण्यात खेळून मोठ्या झालेल्या दोन कप्तानांनी उचलला, त्याला मी बारा इंच देत होते.

क्रिकेटचा मान पूर्वी खरा होता, ते नाकारत नाही. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक १९३५ पासूनचा. सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून तो खेळूनच पुढे भारतीय संघात गेले. आता चांगला खेळणारा मुलगा असोसिएशनच्या वयोगटाच्या सामन्यांमागे असतो, कॉलेजच्या मॅचला येतो तो हजेरीची अडचण असेल तर. मान उतरला, कपाची उंची तेवढीच राहिली. उलट खेलो इंडियाच्या पहिल्या विद्यापीठ स्पर्धेत, २०२० साली भुवनेश्वरला, आपलं पुणे विद्यापीठ चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या खालोखाल दुसरं आलं. सुवर्णपदकं दोघांची १७-१७, फरक पडला तो रौप्यपदकांत. तिथल्या तक्त्यात कबड्डीच्या अख्ख्या संघाचं सुवर्ण एकच, आणि पोहणारी एकटी मुलगी आठवड्यात तीन-चार घेऊन येऊ शकते. त्या तक्त्याला इंच कळत नाहीत.

म्हटलं, काका, सातही १८ इंची द्या. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि स्वतःहून सांगितलं, "६,६५० होतील. म्हणजे तुमचे १,७५० वाचतात. त्यात ती जुनी ढाल दुरुस्त करून घ्या." स्वतःचा धंदा कमी होत असताना असं सांगणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. माझे चार स्टार मुख्यतः यासाठी.

माझा भाचा अमेरिकेत आयोवाला असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, इथे एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, सगळ्या खेळांच्या विजेत्यांना एकाच घडणीची ट्रॉफी देते, तलवारबाजी असो नाहीतर बास्केटबॉल. पण ज्याच्यासाठी लाखालाखाची स्टेडियम भरतात, त्या सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेज फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) अजिंक्यपद एनसीएएचं नाहीच. त्यांचं प्लेऑफ वेगळं, ट्रॉफी वेगळी. आणि त्याच्या गावात सगळ्यात जास्त अभिमान कशाचा, तर कुस्तीचा! हे मी काकांना सांगितलं. ते कपाच्या बुडाचा नट आवळत म्हणाले, "म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं."

तसं बघायला गेलं तर पुण्यातल्या कॉलेजांचा सगळ्यात मानाचा करंडक खेळाचा नाहीच. तो पुरुषोत्तम. १९६३ पासून एकांकिकांसाठी पोरं रात्र रात्र तालमी करतात, आणि कॉलेज अंतिम फेरीत गेलं की मैदानाकडे वर्षभर न फिरकलेले प्राध्यापकही भरत नाट्य मंदिरात पुढच्या रांगेत दिसतात. आमच्या कॉलेजात नाटकाचे करंडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कबड्डीच्या ढाली जिमखान्याच्या कपाटात, शटलकॉकच्या डब्यांमागे. असो.

तर ढाल. पितळी, एका कोपऱ्यात चेमटलेली, फिरती असल्यामुळे बऱ्याच हातांतून आलेली. काकांनी ती तांबट आळीतल्या एका कारागिराकडून सरळ करून आणली, वर पॉलिश. काम अप्रतिम. जुनी नावं घासली जाऊ नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून दिली होती, हे मी सांगितलेलंही नव्हतं.

आता तक्रारी. कप सगळे फायबरचे, सोनेरी मुलामा दोन पावसाळ्यांत उडतो, मेटलचे हवे असतील तर आठवडाभर आधी सांगावं लागतं. जानेवारीत जाऊच नका. सोसायट्यांच्या बॉक्स क्रिकेटच्या ऑर्डरी असतात, त्यांचे कप चार फुटी, आणि त्यांना आधी हातात मिळतात. मी उभी असताना एक सेक्रेटरी साहेब कप मागच्या सीटवर आडवा बसेना म्हणून तो सीटबेल्ट लावून घेऊन गेले.

आणि नावाच्या पट्ट्या. अक्षरं मशीनवर पाडणारा मुलगा नवीन आहे. प्रत्येक पट्टी दुकानातच वाचून घ्या. मी घाईत वाचली नाही. घरी येऊन पिशवी उघडली तर मुलींच्या कपावर लिहिलेलं: "आंतरवर्गीय खोके स्पर्धा, विजेत्या". महाराष्ट्रात आता हा शब्द सरळ मनाने कुणी वाचत नाही. रात्री साडेनऊला फोन केला, काकांनी सकाळी दुकान लवकर उघडून नवी पट्टी लावून दिली, पैसे घेतले नाहीत. जुनी फेकायला निघाले होते, मी मागून घेतली.

बक्षीस समारंभात क्रिकेटचा कप्तान थोडा फुरंगटला होता. खो-खोच्या मुलींनी कपाबरोबर ती चुकीची पट्टीही मागितली. जिमखान्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.