कॅमेऱ्याचा चष्मा की पडद्याचा? धंद्यासाठी स्मार्ट चष्मा घेण्याआधी

साडीचं दुकान असो नाहीतर व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना, 'स्मार्ट चष्मा घेऊ का?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: चित्र बघणार कोण? तुम्हाला दिसतंय ते गिऱ्हाइकाला दाखवायचं असेल तर एका जातीचा चष्मा लागतो. काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर माहिती हवी असेल तर दुसऱ्या जातीचा. बाजारात दोन्ही एकाच नावानं विकले जातात.

पहिल्या जातीतला आपल्याकडे सहज मिळणारा म्हणजे रे-बॅन मेटा. मे 2025 मध्ये तो भारतात 29,900 रुपयांपासून आला. दिसतो नेहमीच्या गॉगलसारखा, वजन 50 ग्रॅमच्या आसपास, 12 मेगापिक्सेलचा कॅमेरा, कानाशी स्पीकर. नंबरच्या काचाही बसतात. पण त्यात पडदा नाही. जाहिराती पाहून कित्येकांना वाटतं, काचेवर अक्षरं तरंगतील. तसलं काही होत नाही. मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचा, पडदावाला चष्मा सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेत 799 डॉलरला निघाला, पण तो वेगळा.

दुसऱ्या जातीत रिअलवेअर नेव्हिगेटर किंवा वुझिक्स एम400. रिअलवेअरला चष्मा म्हणणंही जिवावर येतं. हेल्मेटला अडकवायचं ते अवजार; एका डोळ्याच्या जरा खाली छोटा पडदा येतो आणि सगळा कारभार तोंडी हुकमावर चालतो. वजन पाव किलोच्या पुढे, किंमत लाखाच्या वर.

आता दुकानाचं बघू. येवल्याचा पैठणीवाला हातमागाची साडी कशी ओळखायची ते दाखवतो तेव्हा पदर उलटा करतो. हातमागावरच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीत बहुधा मागे धागे लोंबतात. हे दाखवायला दोन्ही हात लागतात, मग मोबाइल धरायचा कुणी? इथे कॅमेऱ्याचा चष्मा कामाला येतो. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या डोळ्यांना दिसतं तेच दाखवता येतं, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर थेट प्रक्षेपणही करता येतं. साडीवरून फिरणारे विक्रेत्याचे हात दिसले की बघणाऱ्याला आपणच पदर चाचपतोय असं वाटतं. स्टँडवर लावलेल्या मोबाइलला हे जमत नाही.

पण पदराचा मोर जवळून दाखवायला गेलात की पंचाईत होते. लेन्स बरीच रुंद कोनाची, झूम नाही. बुट्टी मोठी दिसायला हवी तर मान खाली घालून नाक साडीला लावायची वेळ येते. कॅमेरा डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे अगदी समोर धरलेली वस्तू चित्रात उजवीकडे सरकते, म्हणून ती थोडी डावीकडे धरायची सवय लावून घ्यावी लागते. व्हिडिओ उभाच निघतो. रीलला ते सोयीचं, यूट्यूबवर आडव्या व्हिडिओचं चॅनेल चालवणाऱ्याला निरुपयोगी. पहिल्या पिढीची बॅटरी कंपनीच्या हिशेबानं चार तासांची, पण सलग चित्रीकरणात त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. पुढच्या पिढीत ती आठ तासांवर नेली आहे, किंमतही चढली आहे.

म्हणून महिनाभर गळ्यात अडकवायचा मोबाइल होल्डर वापरून पाहा. काहीशे रुपयांत मिळतो, कॅमेरा मोबाइलचाच, झूमसकट. त्यावर केलेल्या रील लोक बघत असतील तर मग चष्म्याला पैसे घाला. नुसत्या नवलाईवर जाऊ नका. स्नॅपचॅटवाल्या स्नॅप कंपनीनं 2016 मध्ये 130 डॉलरचा कॅमेरावाला चष्मा पिवळ्या व्हेंडिंग मशीनमधून विकला तेव्हा रांगा लागल्या होत्या. वर्षभरात न विकलेल्या मालापायी कंपनीला सुमारे 4 कोटी डॉलरचा फटका बसला.

कारखाना आणि गोदामाचं गणित निराळं. नेदरलँड्समध्ये बर्गेन ऑप झोम इथल्या गोदामात मालवाहतूक करणाऱ्या डीएचएलनं रिको कंपनीच्या मालासाठी पडदावाले चष्मे वापरून पाहिले. कोणत्या रांगेतून कोणता माल किती उचलायचा हे डोळ्यासमोर दिसत होतं, हातात कागद नव्हता. 2015 मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष: काम 25 टक्के जास्त वेगानं. बोइंगनंही विमानातल्या वायरिंगच्या जुळणीत वेळ जवळपास तेवढाच वाचल्याचं सांगितलं. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण दोन्हीकडे कामगाराला पावलोपावली यादी नाहीतर आराखडा बघावा लागत होता. ज्या फिटरला तीच तीन कामं तोंडपाठ आहेत, त्याच्या डोक्यावर हे यंत्र चढवून काय वाचणार?

खरा उपयोग मला दिसतो तो सर्व्हिसमध्ये. तुमचं मशीन नागपूरला बंद पडलंय आणि जाणकार इंजिनीअर चाकणला आहे. नागपूरचा माणूस पाना हातात धरूनच नटबोल्ट दाखवतो, इंजिनीअर तेच चित्र बघत सांगतो आणि आराखडा नागपूरवाल्याच्या पडद्यावर पाठवतो. दोन-चार फेऱ्यांचा खर्च वाचला तरी यंत्राची किंमत बरीचशी वसूल होते.

धोका असा की असली यंत्रं मधेच बंद पडतात, कंपनीकडूनच. गूगलनं आपल्या 'ग्लास' नावाच्या पडदावाल्या चष्म्याच्या उद्योगांसाठीच्या आवृत्तीची विक्री 15 मार्च 2023 ला थांबवली. मायक्रोसॉफ्टनं डोक्याला लावायच्या 3,500 डॉलरच्या होलोलेन्स 2 चं उत्पादन 2024 मध्ये गुंडाळलं. त्यामुळे एकाच यंत्रावर चालणारं सॉफ्टवेअर करून घेऊ नका; साध्या अँड्रॉइडवरही चालेल असं बघा.

कारखान्यासाठी मेटाचा स्वस्त चष्मा घेऊन काम भागवू, हा विचार मात्र सोडा. ज्या प्लांटच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, तिथे कॅमेरावाला गॉगल आत सोडणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शिवाय मेटाच्या एआयशी केलेलं बोलणं कंपनीकडे साठतं. एप्रिल 2025 पासून ते साठवूच नका असं सांगायची सोयही काढून टाकली, नंतर एकेक खोडत बसायचं. दुकानातही चित्रीकरण चालू असताना समोरचा छोटा दिवा लागतो, पण त्याचा अर्थ किती गिऱ्हाइकांना कळतो? साडी नेसून बघणाऱ्या बाईला आधी विचारा, आणि दाराशी ठळक मराठीत पाटी लावा. 2023 चा डेटा संरक्षण कायदाही संमतीवरच भर देतो.

दुकानदारानं आधी होल्डर, मग वाटलंच तर मेटा घ्यावा. कारखानदारानं एकच पडदावाला संच महिनाभर भाड्यानं मागावा. विक्रेता एसी खोलीत डेमो द्यायला येईल. त्याला प्रेसशॉपमध्ये न्या, मशीन चालू ठेवा, तुमच्याच कामगाराला त्याच्या हेल्मेटसकट ते घालायला द्या आणि देवनागरीतला एक सर्व्हिस मॅन्युअल उघडून दाखवायला सांगा. अक्षरं वाचता आली आणि हुकूम ऐकला गेला, तरच पुढे किमतीचं बोला.