आठ महिने ॲपवर गोल्फ पाहिल्यावर

जानेवारी २०२५ मध्ये केबल बंद केली. न्यू जर्सीतल्या घरात माणसं दोन, बिल मात्र एकत्र कुटुंबाचं. आणि माझं बघणं काय, तर गोल्फ. ते वेडही उशिरा लागलेलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, त्या रात्री जागलो होतो. तेव्हापासूनचं हे दुखणं.

एका ॲपवर भागेल ही समजूत पहिल्याच गुरुवारी गेली. पीजीए टूर, म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिका, सकाळपासून ईएसपीएन प्लसवर (२०२५ मध्ये महिना ११.९९ डॉलर) दिसायची, तीही चार वेगवेगळ्या प्रक्षेपणांत. पण दुपारी टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं की ॲपवरचं मुख्य प्रक्षेपण थांबतं आणि उरतात फक्त निवडक खेळाडूंचे गट आणि निवडक होल. शनिवार-रविवारचे शेवटचे तास सीबीएस वाहिनीकडे असतील तर तिच्या पॅरामाउंट प्लस ॲपची महागडी योजना हवी, एनबीसीकडे असतील तर तिचं पीकॉक. गुरुवार-शुक्रवारची दुपार गोल्फ चॅनेलची, म्हणजे पुन्हा केबल. खरी मेख इथे आहे. मी त्या दोन दुपारी सोडून दिल्या, ऑफिस असतंच.

गंमत म्हणजे जे नाइलाजानं बघायला लागलो, तेच आता जास्त आवडतं. मुख्य प्रक्षेपण या पटवरून (होलजवळच्या हलक्या फटक्यावरून) त्या पटवर उड्या मारत असतं. निवडक गटात तुम्ही तिघांबरोबर साडेचार-पाच तास चालता. वारा किती, कुठली क्लब (काठी) घ्यायची यावर खेळाडू आणि कॅडी, म्हणजे त्याची बॅग वाहणारा साथीदार, यांची कुजबुज ऐकू येते. रणजीचा सामना रिकाम्या स्टँडमध्ये बसून बघावा तसं. कामाच्या दिवशी बाजूच्या स्क्रीनवर लावून ठेवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

एप्रिलमध्ये बाबा पुण्याहून आले. "एवढं चालायचं आणि बॉल एकच?" इथून सुरुवात. मग लीडरबोर्डवर साहित थीगला दिसला. "हा तेलुगू का रे?" झालं, बाबांना त्यांचा खेळाडू मिळाला. त्याच आठवड्यात मास्टर्स, गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी (मेजर) एक. त्यांचं स्वतःचं ॲप फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात नेटकं. ॲमेन कॉर्नर म्हणून प्रसिद्ध असलेले ११, १२ आणि १३ हे होल वेगळे बघता येतात, आणि जवळपास प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक फटका काही मिनिटांत तिथे येतो. टीव्हीवरही मास्टर्समध्ये जाहिराती अगदी मोजक्या. एरवी मात्र पैसे भरूनही जाहिराती सुटत नाहीत.

स्ट्रीमचा खरा दोष मला कळला तो १३ एप्रिलला. शेवटच्या होलवर रोरी मॅकिलरॉय पाच फुटांच्या पटसाठी उभा. बॉल होलमध्ये गेला की अकरा वर्षांनी मेजर, शिवाय करिअर ग्रँड स्लॅम, म्हणजे कारकिर्दीत चारही मेजर. बाबा हातातल्या फोनवर लीडरबोर्ड बघत म्हणाले, "चुकला." टीव्हीवर तो अजून बॉल कुठल्या रेषेनं जाईल तेच बघत होता. त्यानंतरचा जस्टिन रोझबरोबरचा बरोबरी तोडणारा प्लेऑफ आम्ही फोन स्वयंपाकघरात ठेवून पाहिला. स्ट्रीम प्रत्यक्ष खेळाच्या मागे असते, ॲप कुठलंही असो. ज्यांना व्हॉट्सॲपवर गोल्फवेडे मित्र आहेत त्यांनी गट म्यूट करावेत.

मे महिन्यात एका ॲपनं ऐन रविवारी संध्याकाळी पुन्हा लॉगिन मागितलं. पासवर्ड बदलून होईपर्यंत करंडक देऊन झाला होता. तेव्हापासून शेवटच्या फेरीआधी तासभर ॲप उघडून ठेवतो.

द ओपन ही ब्रिटनमधली मेजर जुलैत उत्तर आयर्लंडमधल्या पोर्टरशला होती. तिथली सकाळ म्हणजे इथली मध्यरात्र, प्रक्षेपण दीडच्या सुमारास सुरू. मी झोपलो. बाबा चारला उठून चहा करून आवाज बारीक ठेवून बसायचे आणि नाश्त्याला मला वृत्तांत द्यायचे. स्कॉटी शेफलर चार फटक्यांनी जिंकला, त्यात थरार नव्हता. समुद्रकाठचा तो वारा बघण्यासारखा होता म्हणे. त्याच महिन्यात पीकॉक महिना ७.९९ वरून १०.९९ डॉलर झालं.

त्या वर्षीचा माझा हिशेब असा: ईएसपीएन प्लस जानेवारी ते ऑगस्ट, बाकीची दोन हवी त्या महिन्यापुरती. रद्द करायची तारीख कॅलेंडरवर लिहा. मार्चमध्ये मी विसरलो, एक महिना फुकट गेला.

ऑगस्टमध्ये हंगामाची शेवटची स्पर्धा, टूर चॅम्पियनशिप, झाल्यावर सगळं रद्द केलं तर बाबा हिरमुसले. मग सापडलं की मास्टर्सच्या जुन्या अंतिम फेऱ्या यूट्यूबवर पूर्ण आणि फुकट आहेत. सध्या ते १९८६ ची बघताहेत, रोज थोडी थोडी. जॅक निकलस ४६ वर्षांचा आहे आणि अजून मागे आहे. निकाल मी सांगितलेला नाही.