बदल नेमका कोणी केला? एकाच लॉगिनवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये माणूस ओळखण्याचे पर्याय

वेब अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसशी बोलतं ते बहुतेक ठिकाणी एकाच लॉगिनने. काउंटरवरचा कारकून, लेखापाल, शाखा व्यवस्थापक, सगळे त्याच नावाने आत जातात. बिलाची रक्कम कोणी बदलली हे शोधायला गेलं, की लॉगमध्ये अ‍ॅपचंच नाव. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा एडिट लॉग सक्तीचा आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. त्यात माणूसच सापडत नसेल तर ऑडिटरसमोर काय ठेवणार?

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे टेबलात 'शेवटचा बदल कोणाचा' असा कॉलम. अर्ध्या दिवसाचं काम. पण पुढचा बदल मागचं नाव पुसून टाकतो, आणि रेकॉर्ड डिलीट झालं की कॉलममधलं नावही त्याच्याबरोबर जातं. डिलीट करणाराच सापडत नसेल तर याला ट्रॅकिंग म्हणायला मी तयार नाही. स्क्रीनवर नाव दाखवण्यापुरता तो ठीक.

दुसरा पर्याय, प्रत्येकाला डेटाबेसचं वेगळं लॉगिन. पुराव्याच्या दृष्टीने याच्याइतकं भक्कम काही नाही, कारण ओळख डेटाबेस स्वतः तपासतो. दहा-पंधरा जणांच्या ऑफिसात, डेस्कटॉप सॉफ्टवेअर असेल तर हाच घ्या. वेबवर मात्र कनेक्शन पूलिंगचा, म्हणजे थोडीच कनेक्शनं उघडी ठेवून सगळ्यांनी आळीपाळीने वापरण्याचा, फायदा हातचा जातो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते, ती वाढवता येते, पण प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस चालते.

तिसरा पर्याय मला वेब अ‍ॅपसाठी सर्वांत योग्य वाटतो. लॉगिन एकच ठेवायचं, पण प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पार पडणाऱ्या बदलांच्या गटाच्या) सुरुवातीला अ‍ॅपने युजरचा आयडी सेशन व्हेरिएबलमध्ये, म्हणजे त्या कनेक्शनपुरत्या जपलेल्या जागेत, ठेवायचा. ट्रिगर, म्हणजे बदल होताच डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड, तो आयडी वाचून जुनी-नवी माहिती, वेळ आणि नाव ऑडिट टेबलात लिहितो. डिलीटही पकडलं जातं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याच कामासाठी २०१६ पासून सेशन कॉन्टेक्स्ट आहे, ओरॅकलमध्ये क्लायंट आयडेंटिफायर.

इथे एक गोष्ट जपायलाच हवी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये साधं 'सेट' वापरलं तर आयडी कनेक्शनवर तसाच राहतो. पूलमधून तेच कनेक्शन दुसऱ्याला मिळालं आणि अ‍ॅपने नवा आयडी ठेवला नाही, तर एकाचा बदल दुसऱ्याच्या नावावर चढतो. निनावी नोंदीपेक्षा हे वाईट, कारण निर्दोष माणूस अडकतो. म्हणून 'सेट लोकल'च वापरा, ते ट्रान्झॅक्शनबरोबर संपतं. त्यानंतर त्याच कनेक्शनवर व्हेरिएबल वाचलं तर 'नल' (काहीच मूल्य नसणं) नाही, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) मिळू शकते. ट्रिगरने दोन्ही तपासून, अ‍ॅपच्या लॉगिनवरून आलेल्या बदलात आयडी नसेल तर तो सरळ नाकारावा.

या पर्यायाची कमजोर बाजू उघड आहे: अ‍ॅप सांगेल तेच नाव डेटाबेस खरं मानतो. त्यामुळे ऑडिट टेबलावर अ‍ॅपच्या लॉगिनला थेट लिहिण्याचा, बदलण्याचा वा पुसण्याचा हक्क देऊ नका. ट्रिगरचं फंक्शन वेगळ्या मालकाच्या नावे 'सिक्युरिटी डिफायनर' म्हणून, म्हणजे त्या मालकाच्या हक्कांनी, चालवा. अशा फंक्शनमध्ये 'करंट युजर' विचारलं की फंक्शनच्या मालकाचं नाव येतं. मूळ लॉगिनसाठी 'सेशन युजर' विचारावं लागतं. मायएसक्यूएलच्या ट्रिगरमध्येही 'करंट युजर' असाच ट्रिगर बनवणाऱ्याचं नाव देतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या टेम्पोरल टेबलांवर विसंबून राहायचा विचार असेल, तर ती जुनी माहिती आणि वेळ जपतात, माणूस नाही. नावाची सोय वेगळी करावीच लागते.

तेव्हा वेब अ‍ॅप असेल तर सेशन व्हेरिएबल आणि ट्रिगर. पण डेटाबेसला थेट हात लावणाऱ्यांना, म्हणजे अ‍ॅडमिन, सपोर्टवाले, रात्री डेटा दुरुस्त करणारे डेव्हलपर, यांना प्रत्येकी स्वतःचं लॉगिन द्या आणि अ‍ॅपचा पासवर्ड त्यांच्या हाती ठेवू नका. ऑडिट टेबलात दोन कॉलम ठेवा, एक अ‍ॅपने सांगितलेल्या नावाचा आणि एक डेटाबेसच्या खऱ्या लॉगिनचा.