आटे मूळ पार्टात द्यायचे की लिंक केलेल्या पार्टात?

कॅडमध्ये (संगणकावरच्या डिझाइनमध्ये) एम१० चं टॅप होल, म्हणजे १० मिमीच्या बोल्टसाठी आटे असलेलं भोक, हे एरवी ८.५ मिमीचं सरळ भोक असतं. आटे ही त्यावर टांगलेली माहिती: पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ६एच, खोली २० मिमी. ही बॉडी (पार्टाचा घन आकार) दुसऱ्या पार्टात लिंक केली, म्हणजे मूळाशी जोडलेली प्रत म्हणून आणली, की भोक हमखास जातं, माहिती जाईलच असं नाही. स्क्रीनवर फरक डोळ्यात भरत नाही, त्यामुळे घोळ कळतो तो ड्रॉइंगवर. कॉलआउट (भोकाची मापं सांगणारी टीप) टाकला की नुसतं ⌀८.५ उमटतं. भोक २५ मिमी खोल आणि आटे २० पर्यंतच, हा तपशीलही तिथेच गळतो. मशीनवर कुणी तळापर्यंत आटे पाडायला गेलं की टॅप (आटे पाडायचं हत्यार) मोडून जॉबमध्ये अडकतो.

पर्याय १: आटे मूळ पार्टात, लिंकमधून पुढे

तयार पार्ट जसाच्या तसा पुढे वापरायचा असेल, म्हणजे डावी-उजवी जोडी किंवा त्याच पार्टाचं थोडं बदललेलं रूप, तर हा पर्याय. आट्याचा साइज एकाच जागी बदलतो. पण सॉफ्टवेअर कोणतं, यावर सगळं अवलंबून.

सॉलिडवर्क्समध्ये ‘इन्सर्ट पार्ट’ करताना ट्रान्सफरच्या यादीत ‘कॉस्मेटिक थ्रेड्स’ आणि ‘होल विझार्ड डेटा’ (होल विझार्ड म्हणजे तिथलं भोक पाडायचं साधन) अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत. पहिलीने आट्यांची खूण येते, दुसरीने कॉलआउटला लागणारा तपशील. दोन्हींवर टिक हवी. एकीवर भागवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, मग ड्रॉइंगवर हाताने ‘एम१०’ टाइप करणं आलं, आणि तो मजकूर साइज बदलला तरी तसाच राहतो.

एनएक्समध्ये ‘वेव्ह जॉमेट्री लिंकर’च्या सेटिंगमधली ‘कॉपी थ्रेड्स’ ही चौकट बघायची. तिथलीच ‘फिक्स ॲट करंट टाइमस्टँप’ चालू असेल तर मूळ पार्टात नंतर टाकलेली भोकं लिंकमध्ये येतच नाहीत. हा बिघाड नाही, त्या चौकटीचं कामच ते. बॉडीचं काम करताना ती कशासाठी चालू केली होती हे मात्र आठवावं लागतं.

फ्रीकॅडमध्ये अशी चौकट शोधू नका. ‘सबशेप बाइंडर’ फक्त आकार आणतो. ‘ॲप लिंक’मध्ये मूळ वस्तूच दिसते, पण तिच्यावर थेट नवं मशीनिंग चढवता येत नाही. तिथे पुढचाच पर्याय बरा.

पर्याय २: लिंक फक्त जागेची, भोक ज्याचं त्याने पाडायचं

मूळ पार्टात केंद्रबिंदूंचं एक स्केच ठेवायचं आणि तेवढंच लिंक करायचं. त्या बिंदूंवर हाउसिंगमध्ये एम१० टॅप होल, कव्हरमध्ये बोल्ट मोकळा जाण्यापुरतं ११ मिमीचं भोक. दोन्हीकडे होल फीचर खरं असल्यामुळे कॉलआउट आपोआप बरोबर येतो.

कास्टिंग आणि मशीनिंग असे दोन पार्ट असतील तर दुसरा विचारच नको. आटे मशीनिंगच्या पार्टात. कास्टिंगमध्ये भोक ठेवलं आणि नंतर आकुंचनासाठी बॉडी १ टक्क्याने वाढवली, तर ८.५ चं ८.५८५ होतं, आणि तसंही एवढं भोक ओतकामात काढायचं नसतं, ड्रिलनेच पाडायचं असतं.

एक पथ्य पाळा: दुसऱ्या पार्टातल्या भोकाची गोल कड पकडून केंद्र घेऊ नका. तिथे कुणी चॅम्फर (कडेला तिरपा काप) दिला की ती कड नाहीशी होते आणि तुमचं भोक लोंबकळतं. स्केचचा बिंदू टिकतो.

या पर्यायाचा तोटा म्हणजे साइज दोन ठिकाणी बदलावा लागतो. एम१० चा एम८ झाला तर हाउसिंगमध्ये ६.८ चं ड्रिल आणि कव्हरमध्ये ९ चं भोक, दोन्ही हाताने. तरीही लिंकच्या गोंधळापेक्षा ही मेहनत स्वस्त पडते.

पर्याय ३: खरेखुरे पीळदार आटे

हे लिंकमधून नक्की जातात, कारण ते आकारातच आहेत. थ्रीडी प्रिंटसाठी ठीक. बाकी वेळी फाइल जड होते, कॅमला (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सरळ भोक म्हणून ते ओळखता येत नाही, आणि पार्टाची आरशातली प्रत काढली की उजवे आटे डावे होतात. बोल्ट चढत नाही आणि कारण पटकन लक्षातही येत नाही.

कुठलाही पर्याय घ्या, लिंक केलेल्या पार्टात एक भोक मोजून बघा. एम१० ला ८.५ आलं तर ठीक. १० आलं तर मूळ होल विझार्डमध्ये ‘रिमूव्ह थ्रेड’ (भोक थेट आट्यांच्या बाहेरच्या व्यासाचं) निवडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तसाच पार्ट पुढे गेला तर १० चं ड्रिल पडेल आणि आटे पाडायला धातूच उरणार नाही.